पेठ वडगावचे पान

कोल्हापूर, मंगळवार

ती. महावीरअण्णा यांस धाकट्या राजमतीचा जयजिनेंद्र.

पुण्याची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवली असेल. आदितीला म्हणावे, बापाला रोज चालव. इकडे सर्व ठीक. मी आहे म्हणजे ठीक असणारच.

तुमचा निरोप पोचला. मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासातून पेठ वडगावचे पान गाळले नाही, तर अध्यक्ष म्हणून प्रस्तावनेवर सही करणार नाही म्हणता. अण्णा, मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे आणि स्थापनेपासून या मंडळाची चिटणीस. इतिहास म्हणजे लग्नाचा अल्बम नव्हे, नकोसे फोटो काढून टाकायला. बाकीचे मी काय लपवले? 'देशी वन्यजीव रक्षक मंडळ' अशी पाटी लावल्यावर लोक गावठी कोंबड्यांचे औषध विचारायला येत (आणि एक जण पाटीचा पहिलाच शब्द वाचून भर दुपारी बाटली मागायला आला), तेही छापले आहे. उसाच्या फडात काठीखाली जाणाऱ्या धामणी आपण वाचवल्या, तेही आहे. मग वडगावच का गाळायचे?

झाले ते असे. (तुम्हाला ठाऊक आहे, पण पुण्यात तुम्ही ते वेगळे सांगता असे कळले.) संध्याकाळी वडगावहून धोंडुबाईंचा फोन आला, घरामागच्या परड्यात जनावर शिरले आहे. आपल्याकडे दिवेलागणीला सापाचे नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. तेव्हा मंडळ साप धरायची काठी आणि मंडळातल्याच मीरासाब टेलरनी शिवलेली कापडी पिशवी घेऊन निघाले. पुढे तुम्ही. परड्यात राधानगरीच्या रानातून भरकटलेला गवा, म्हशीची वैरण खात उभा. तुम्ही पिशवीचे तोंड उघडून त्याच्यासमोर तसेच उभे. तेव्हा धोंडुबाई शांतपणे म्हणाल्या,

"पावणं, दुसरी आणा की. हिच्यात शिंगं बी मावायची न्हाईत."

त्यानंतर तुम्ही पिशवीसकट पाण्याच्या टाकीवर गेलात. मीरासाबनी सगळ्यांना गप्प केले, मागचे कवाड उघडले, आणि गवा पोटभर खाऊन आपल्या पायांनी उसात गेला. तेव्हापासून फोन आला की आपण आधी विचारतो, पाय आहेत का? मंडळाचा सर्वांत उपयोगी नियम या पानातून निघाला आहे. चूक कोणाची तेही मी स्पष्ट लिहिले आहे: अध्यक्षांनी खात्री न करता मंडळ हलवले. पान राहील. सही करून लगेच कुरिअरने पाठवा.

तुमची,
राजमती

ता. क. पाकीट बंद करता करता मीरासाब जुनी फोनवही घेऊन आले. त्या संध्याकाळची नोंद माझ्याच अक्षरात आहे. धोंडुबाईंनी शिंगांचे सांगितले होते. मी ते लिहूनही घेतले आहे, आणि पुढे कंसात: 'बाई घाबरल्या आहेत. फणा म्हणायचे असावे. नाग.'

आणखी ता. क. छापखान्याचे आकाराम म्हणतात, पाने आठाच्या पटीत लागतात आणि आपले एक जास्त होते आहे. शिवाय तुम्ही वडीलबंधू. केवळ तुमच्या शब्दाला मान देऊन वडगावचे पान गाळले आहे. यापुढे असा हट्ट धरू नका.