तिकीट वरून येतं म्हणे

आप्पा, यंदाही आपल्या वॉर्डाचं तिकीट वरूनच आलं. साहेबांच्या सुनेला. पण या वेळी आम्ही हार घेऊन उभे राहिलो नाही.

तुम्ही राहिला होतात. उभी हयात पक्षाच्या सतरंज्या उचलल्यात, कंपनीतली पाळी संपली की हातातला डबा घरी न ठेवता सभेला पळालात, आणि तिकिटाच्या दिवशी साहेबांच्या बंगल्याबाहेर उन्हात ताटकळलात. तिकीट मिळालं आदल्या दिवशी दुसऱ्या पक्षातून उडी मारून आलेल्याला, आणि त्याच्या गळ्यात पहिला हार तुमचा! मी घरी चिडले, आई भाकरी थापता थापता थांबली, आणि तुम्ही माझ्यावरच डाफरलात, "गप बस. पक्ष आईसारखा असतो. आईला जाब इचारायचा न्हाई." आता विचारतेच. कुठली आई पोराला असं उन्हात ठेवते हो?

हिंजवडीच्या माझ्या ऑफिसात रोज अमेरिकेतल्या लोकांशी बोलणं होतं. तिथली एक बाई मध्यंतरी म्हणाली, उद्या जरा उशिरा येईन, मतदान आहे. म्हटलं, निवडणूक तर लांब आहे ना? तर म्हणे, ही पक्षातली. उमेदवार कोण, ते पक्षाचे साधे मतदारच मत देऊन ठरवतात. तिच्या आईच्या गावात तर शाळेच्या हॉलमध्ये शेजारीपाजारी जमायचे आणि ज्याला जो हवा त्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. पैसा आणि ओळखी आमच्याकडंही चालतात, असंही म्हणाली. चालू देत! निदान विचारतात तरी. मला मात्र दिवसभर तुमचाच चेहरा दिसत राहिला.

मग एका रविवारी मी मारुतीच्या देवळात वॉर्डातले सगळे कार्यकर्ते जमवले. इच्छुक दोघी. एक मी, दुसरी बीडकडून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी, बचत गट चालवणारी ताई. अमेरिकेतली ती रीत सांगितली आणि "जी पटेल तिच्या बाजूला उभं राहा," म्हटलं, तर एकही हलेना. सगळे थोरल्या पाटलांकडं बघत बसले. ते जातील तिकडं जायची सवय! शेवटी म्हातारा खांबाला टेकून खालीच बसला. "म्या न्हाई उठत. तुमाला पाय न्हाईत व्हय?" तेव्हा कुठं माणसं उठली.

उठली ती तिच्याकडं. आपली भावकीसुद्धा. माझ्याकडं नवरा आणि शेजारीण.

तिचं नाव आम्ही साहेबांना कळवलं, तर त्यांनी सुनेचं जाहीर केलं. त्यांचा माणूस घरी येऊन हसला, "ताई, ही अमेरिका न्हाई, चाकण हाय." म्हटलं, "व्हय ना, आन् चाकणनं ठरवलंय." उद्या बचत गटाच्या ताईचा अपक्ष अर्ज भरतोय. सूचक म्हणून सही माझी. पक्षातून काढतील. काढू देत, घाबरते कोण!

पण सगळी तिच्याकडं निघाली ना आप्पा, तेव्हा क्षणभर वाटलं, आत्ता साहेबांचा फोन यावा, तिकीट मला दिलंय म्हणावं, आणि ही बैठक इथंच मोडावी. तुम्ही असतात तर हे मी कुणालाच, तुम्हाला तर मुळीच, कळू दिलं नसतं.