लायसन आणि उजवा डोळा

आबा, कोरेगावहून साताऱ्याकडे जाताना तुम्ही माझ्या हातातलं स्टेरिंग हिसकावून घेतलंत, तिथून सुरुवात करतो. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. फौजेत ट्रक चालवून तुम्ही घरी आला होतात, गावातल्या एका व्यापाऱ्याची जीप चालवत होतात आणि ती रिकामी असली की मला शिकवायचात. त्या दिवशी समोरून उजव्या अंगानं बैलगाडी येत होती आणि मी तिच्यावरच निघालो होतो. जीप कडेला लावून तुम्ही इंजिन बंद केलंत. माझा डावा डोळा तळव्यानं झाकलात आणि विचारलंत, “किती बोटं हायती?” मला धुक्यात काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मी तीन म्हणालो. तुम्ही तळवा काढलात. बोट एकही वर नव्हतं, मूठ होती.

लहानपणी उसाचं पातं उजव्या डोळ्यात गेलं होतं. वरून डोळा चांगला दिसायचा, म्हणून घरातले विसरले आणि मीही कधी बोललो नाही. तुम्ही चावी काढून खिशात टाकलीत. मग म्हणालात, “एका डोळ्यानं शेती हुती, दुकान हुतं. गाडी न्हाई. परत स्टेरिंगला हात लावू नगंस.” पुढं म्हणालात, “मरणारा तू नसतोस रं. दुसरा असतो.”

दोन वर्षांनी आखातात ड्रायव्हर पाहिजेत असं कानावर आलं. कुंडलला मामाकडे राहतो म्हणून मी घरातून निघालो आणि सांगलीला जाऊन लायसन काढलं. डोळ्यांच्या दाखल्यावर सही करताना डॉक्टरनं मान वर केली नाही आणि मीही त्याला काही सांगितलं नाही. तुम्हाला कळवलं ते विमानात बसायच्या आदल्या दिवशी, पत्रानं.

तिकडे आपलं लायसन चालत नाही, बदलून घ्यावं लागतं. अरबीत भाषांतर जोडायचं, डोळे तपासायचे, आपलं लायसनचं पुस्तक तिथं जमा करायचं. तपासणारा म्हणाला, एक डोळा झाक. मी उजव्या हातानं उजवा झाकला आणि अक्षरं वाचली. दुसरा झाक म्हणाला, तेव्हा डाव्या हातानं पुन्हा उजवाच झाकला. तो खाली बघून लिहीत होता. सांगलीचं पुस्तक खणात गेलं आणि माझ्या फोटोचं नवं लायसन हातात आलं. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, स्टेरिंग डावीकडे असतं. समोरची वाहनं माझ्या चांगल्या डोळ्याकडून येत. देवानं माझ्यासाठी रस्ताच उलटा करून दिला, असं मला वाटलं. उजवीकडे कडेनं माणसं चालत असतात, हे मनात आलं नाही. तुमचं पत्र आलं, त्यात एकच ओळ होती, “डोळा तपासला का त्यांनी?” मी लिहिलं, तपासला, चांगला आहे म्हणाले.

कामावरची माणसं मी पिकअपमधून न्यायचो. त्यात माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा एकजण होता, मेंढरांच्या घरातला. आपल्यासारखं बोलणारा तिथं तो एकटाच, त्यामुळे तो माझ्या शेजारी बसायचा. एका सकाळी तो माझ्याकडे बघत बसलाय. म्हणतो, “गड्या, तू मान लय वळवतोस रं उजवीकडं.” मी म्हणतो, अवघडलीय. “मग आज हळू घे,” म्हणतो आणि काचेतून बाहेर बघायला लागतो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तो रस्त्याच्या कडेनं पाण्याचा कॅन घेऊन चालला होता. मला काहीतरी धडकल्याचा आवाज ऐकू आला. थांबून उतरलो तेव्हा कळलं, तो होता. संध्याकाळच्या आत तो गेला. पोलिसांनी लायसन बघितलं, ते बरोबर होतं. मी सांगितलं, पुढच्या डंपरची धूळ उडाली, काही दिसलं नाही. चार दिवस चौकीत ठेवून मला सोडलं.

त्याची पेटी घेऊन मी सुट्टीवर आलो आणि तुम्ही न विचारता माझ्याबरोबर माणला निघालात. त्याच्या आईनं आपल्याला घोंगड्यावर बसवलं, चहा दिला. तिनं मला विचारलं, “आवं, कसं झालं वं?” मी डंपरची धूळ सांगितली. ती तुमच्याकडे वळून म्हणाली, “धुळीला कोन काय करनार?” तुम्ही कप खाली ठेवलात, चहा तसाच राहिला.

दहिवडीच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. बाकावर आपण दोघंच. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, “कुठल्या बाजूला हुता त्यो?”

“समोर,” मी म्हणालो. “एकदम समोर आला.”

“बरं,” म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही देवाघरी गेलात, तोवर तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी तिकडे असतानाच तार आली.

हा कागद कुणाला दाखवणार नाही, त्या माउलीच्या घरी तर नाहीच. ती आता नसेलही. माझ्यापुढे डंपर नव्हता, आबा. त्या दिवशी रस्ता मोकळा होता आणि तो उजवीकडे होता. तुम्हाला हे तेव्हाच कळलं असावं. पण एक तुम्हाला ठाऊक नाही. मी गाडी सोडली असं तुम्हाला लिहिलं होतं, ते खोटं होतं. सुट्टी संपवून परत गेल्यावर आणखी दोन वर्षं मी तीच पिकअप चालवली, माणसं भरून.