चार मिनिटं बारा सेकंद

तळवडे, सोमवार

चि. शेखर,

तळेगावच्या घरी लहानथोरांना माझे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? माझी तब्येत ठीक, फक्त एकट्याचा स्वयंपाक असल्यामुळे भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. फोनवर तुझ्या ताईचं नाव निघालं की मी फोन ठेवून देतो, म्हणून पत्र लिहितोय.

तर बिघाड असा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजुळानं उखाणा घेतला, आणि मी त्या दिवशी चाकणला कंपनीत ओव्हरटाइमवर. (लग्नातला उखाणा सोडला तर एकतीस वर्षांत तिनं मला 'अहो'च्या पुढे काही म्हटलं नाही. परत नाव घेतलं, तेव्हा हा गडी मशीनखाली आडवा.) महिन्याभरात ती गेलीच. शेजारच्या दिव्यानं तो व्हिडिओ नेटवर टाकलाय. दिव्याच्या फोनमधला केव्हाच पुसला गेला. लॅपटॉपवर लावला की चार मिनिटं बारा सेकंद छान चालतो. मंजुळा पदर सावरते, म्हणते, "डब्यात दिली मेथी, वर लिंबाची फोड," आणि तिथंच ती गोल चकरी फिरायला लागते. पुढची ओळ काय, दिव्यालाही आठवत नाही. सगळ्या बायका हसल्या, एवढंच म्हणते.

तू सांगितलंस तसं पान परत उघडलं, ब्राउझरचा जुना साठा पुसला (त्यात वीजबिलाचा पासवर्डही गेला), दुसरा ब्राउझर घालून पाहिला. चकरी कायम. मग म्हटलं, आपण मेंटेनन्सची माणसं, आधी सप्लाय तोडावा. खाली मीटरच्या खोलीत जाऊन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, 'काम चालू आहे' अशी पाटी टांगली आणि नियमाप्रमाणे किल्ली खिशात टाकली. स्विच निघाला आख्ख्या विंगचा. पंप थांबला, आणि तिसऱ्या मजल्यावरचे निरंजन अंगाला साबण तसाच घेऊन टॉवेलवर खाली आले. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं असतं, हे मी त्यांना समजावत होतो. त्यावर ते जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण मग मी कुलूप काढल्यावर माझ्या घरी आले, ती पहिली ओळ ऐकली आणि तसेच टॉवेलवर खुर्चीत बसून राहिले.

आता माझी अक्कल संपली. तू कॉम्प्युटरचा माणूस, येत्या रविवारी गाडी काढ आणि ये.

तुझा दाजी,
उद्धव

ता. क. तुझ्या विजयश्रीला सांग, डबा पाठवू नकोस. मेथी मला जमायला लागलीय.

आणखी एक ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. व्हिडिओ गेल्या गुरुवारीच सुरू झाला. निरंजननी ब्राउझर अपडेट करून दिला आणि चकरी गेली. आता चार मिनिटं बारा सेकंदांवर मीच थांबवतो. तिचं मी न ऐकलेलं एवढं एकच वाक्य उरलंय, शेखर. मला एकट्याला ते ऐकवणार नाही, म्हणून तू ये. पण ह्या रविवारी नको. पुढच्या रविवारी ये.