मानाचा वाटा पुढे देण्याबाबत

प्रति,
मा. ओस्मोनकुल बायसालोविच,
प्रमुख, जिल्हा सांस्कृतिक विभाग,
तेरेक-सू, नारिन प्रांत.

विषय : बंद रेडिओ-कक्षाच्या साठवण-पेटीतील पहिल्या खणाची हार्ड डिस्क, जी आपल्या कपाटात आहे, ती येत्या शनिवारी एका दुपारपुरती मिळण्याबाबत, आणि सोमवारी पेटीत होणारा बदल थांबवण्याबाबत.

संदर्भ : माझे याआधीचे दोन अर्ज, व त्यांवर आपल्या कार्यालयाचे एकच उत्तर : "नोंदीप्रमाणे पेटी एक. स्थिती : पूर्ण."

महोदय,

१. मी सायरा जुनुशालियेवा, वय चौऱ्याहत्तर, या जिल्ह्याच्या रेडिओ-कक्षात एकतीस वर्षे ध्वनिफितींची राखणदार होते. कोणती फीत कोणत्या कुरणावर, कोणाच्या तंबूत, कोणत्या वर्षी भरली हे मी आजही वही न उघडता सांगू शकते. आपल्या आईचे लोकर पिंजतानाचे गाणे फीत क्रमांक ८८ वर होते. त्यात मागे एक मूल रडते. ते आपणच.

२. सन २००९ मध्ये सर्व फिती या पेटीत उतरवल्या गेल्या. निवृत्त असूनही मी तीन महिने शेजारी बसून नावे सांगितली. काम संपल्यावर "आता सगळे पेटीत आहे" असे म्हणून फिती जर्दाळूच्या बागेत पाखरे हाकलायला बांधण्यात आल्या. वाऱ्यात त्या छान चमकत. पाखरे मात्र सरावली.

३. मे २०२१ मध्ये कक्ष बंद झाला. निरोपाच्या मेजवानीत आमचे जुने संचालक तुर्दाकुन अक्सकाल भावुक झाले. मेंढी कापून मानाप्रमाणे हाडे वाटून झाली होती. त्यांनी पेटी मागवली, स्क्रू काढले आणि म्हणाले, "हिचेही वाटे करू. कोणी रिकाम्या हाताने घरी जायचे नाही." पेटीत चार डिस्क होत्या. पहिली जम्बाशच्या मानाने, म्हणजे पंगतीतला पहिला वाटा असलेल्या कमरेच्या हाडाच्या मानाने, आपल्याला. दुसरी मला. तिसरी गुरांचे डॉक्टर इशेनबाय यांना. चौथी, आयुष्यभर रेकॉर्डिंगची गाडी हाकणाऱ्या मामिरकुलला. आम्ही चौघांनी ओंजळी पसरून आशीर्वाद म्हटला. मीही म्हटला, हे येथे लपवत नाही. मला ती आठवणीची वस्तू वाटली. गाणी पेटीत राहतात, असेच मी समजत होते.

४. पेटी रिकामी राहिली म्हणून आपल्या विभागाने तिच्यात सभागृहाच्या दारावरच्या कॅमेऱ्याची चित्रे साठवायचे ठरवले. बाजारातून नव्या डिस्क आणल्या. एकीची स्क्रूची भोके जुळेनात, ती दोऱ्याने बांधली. दुसरी खणात नीट बसली, पण पेटीने लाल दिवा लावून तिला नाकारले. टेलिफोन कचेरीतल्या आयचुरोकने तपासून सांगितले की या पेटीला तिच्या स्वतःच्या यादीतल्याच डिस्क चालतात. सोयरीक ठरवताना आपण सात पिढ्या विचारतो, तशी ती प्रत्येकीला विचारते. हे ऐकून मला पेटीबद्दल प्रथमच आदर वाटला.

५. त्याच दिवशी आयचुरोककडून मला बाकीचे कळले. एकेक गाणे तुकडे करून चारही डिस्कवर पसरलेले असते. एकटीवर कोणतेही गाणे पूर्ण नाही. चारांपैकी कोणत्याही तीन आपापल्या खणात बसल्या, तर चौथीवरचा भाग पेटी स्वतः जुळवून घेते. दोन असतील तर मात्र काहीच नाही.

म्हणून मी फिरले. माझी डिस्क नमद्यात गुंडाळलेली आहे, जशीच्या तशी. डॉक्टरांनी आपली लसींच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. "लस टिकते, मग गाणे का नाही टिकणार?" असे म्हणून त्यांनी ती हसत दिली. मामिरकुलने आपली नातवंडांच्या कॉम्प्युटरला जोडली होती. पडद्यावर आले : ही डिस्क ओळखीची नाही, तयार करू का? दारी आलेल्याने इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसे म्हणायचे, म्हणून त्याने हो दाबले. आता तिच्यावर कुस्तीचे सिनेमे आहेत. तेव्हापासून माझ्या घरावरून जाताना तो गाडीचा वेग वाढवतो.

माझ्या मुलाने बिश्केकहून दुसऱ्या बनावटीची नवी पेटी आणली. तिनेही माझी डिस्क पाहताच तेच अदबीने विचारले. मी भिंतीतली वायर उपटली. तेव्हा ही जुनी, सात पिढ्या विचारणारी पेटीच हवी आणि माझ्या व डॉक्टरांच्या जोडीला आणखी एक डिस्क हवी. ती आपल्या काचेच्या कपाटात, पदक आणि शिंगाच्या पेल्याच्या मधे उभी आहे. आपल्याशिवाय ती कपाट सोडणार नाही.

६. मी समक्ष आले होते तेव्हा आपण म्हणालात, "अपा, ताटात पडलेले जम्बाश कोणी परत मागितल्याचे कधी ऐकले आहे? उद्या म्हणाल, पोटातलेही काढून द्या." सर्व कार्यालय हसले. मीही हसले, कारण आपण बरोबर होता. दिलेला वाटा परत मागणाऱ्या बाईच्या घरी लोक चहाला जात नाहीत.

७. आता कारण लिहिते. दोन्ही अर्जांत "सांस्कृतिक वारसा" असे लिहिले होते, ते खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हे.

फीत क्रमांक २१७, जून १९६९. रेडिओची गाडी लोकर-कातरणीची गाणी भरायला आमच्या कुरणावर आली होती. त्याच दिवशी माझी पाठवणी होती. माझी आई कालिपा हिने मला निरोपाचे कोशोक गायले. मामिरकुल, तेव्हा मिसरूडही न फुटलेला, माइक धरून उभा होता. आईचा दुसरा आवाज कुठेही नाही. चौदा ऑक्टोबरला माझ्या नातीची पाठवणी आहे आणि ते कोशोक तिला मी गायचे आहे. मला चारशे बारा फिती पाठ आहेत. तेवढे एक गाणे येत नाही. नवरी रडत असते, महोदय. शब्द कोण लक्षात ठेवते? ते काम फितीचे, असे समजून मी चोपन्न वर्षे निश्चिंत होते.

८. सोमवारी, दोन ऑक्टोबरला, पेटीची जुनी आज्ञावली काढून कोणतीही डिस्क चालेल अशी नवी घालायची, असा आपला हुकूम निघाला आहे. आयचुरोक म्हणते, त्यानंतर ती कॅमेऱ्याला उपयोगी पडेल, पण स्वतःच्या लेकरांना ओळखणार नाही.

९. तरी विनंती अशी. मी वाटा परत मागत नाही. जम्बाश मिळालेला माणूस पहिला घास स्वतः घेतो आणि मग सुरीने कापून खालच्या पंगतीला देतो, हे आपल्या वडिलांनी माझ्यासमोर अनेकदा केले आहे. आपण सव्वादोन वर्षे पहिला घास घेत आहात. शनिवारी, तीस सप्टेंबरला, मी मेंढी कापते आहे. खरे जम्बाश आपल्यापुढेच येईल. आपण डिस्क घेऊन यावे, पेटीही आणवावी. आयचुरोक तीन डिस्क लावून सर्व गाणी उतरवून घेईल. मांस वाटले जाते, हाड ज्याचे त्याच्याकडेच राहते. संध्याकाळी आपली डिस्क पुन्हा पदकाशेजारी उभी असेल आणि नोंदीतली पेटी पूर्वीइतकीच पूर्ण राहील.

मामिरकुललाही बोलावले आहे. तो दाराशी बसणार म्हणतो. ८८ क्रमांक मी सर्वांत आधी लावायला सांगितला आहे. रडणाऱ्या मुलाला ओळखायला आपणच लागाल.

आपल्या दाराशी तिसऱ्यांदा आलेली,
आपल्या आईच्या गाण्याची राखणदार,

सायरा जुनुशालियेवा
तेरेक-सू, २५ सप्टेंबर २०२३

सोबत :
१. आधीच्या दोन अर्जांच्या प्रती.
२. डॉक्टर इशेनबाय यांचे संमतिपत्र (जनावरांच्या दाखल्याच्या कागदावर, दुसरा कागद नव्हता).
३. नमद्याची पिशवी, एक. डिस्कच्या मापाने शिवलेली. रिकामी.