सिंधु उर्फ शिवम्मा

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळी बी.पी. दाखवून आलो. येताना ज्वारी दळून आणली. दुपारी वरण-भात.

साडेतीनला पुण्याहून सुकन्याचा फोन. एवढा चढा आवाज की वाटलं, काही विपरीत झालं. म्हणते, "अप्पा, आई गातेय! मोबाईलवर! आई!"

शिवम्माला जाऊन तीन महिने झाले. पोरीला म्हटलं, आधी पाणी पी.

मग नीट सांगितलं. पुण्यात काही पोरं जुन्या कॅसेट शोधतात, साफ करतात आणि नव्यानं काढतात — मोबाईलवर आणि पूर्वीसारख्या काळ्या तबकडीवरही. त्यांना 'चंदेरी स्कूटर' नावाची कॅसेट भंगारात सापडली. नांदेडची 'गोदातरंग' कंपनी, साल १९८६, गायिका सिंधु. लोक वेडे झालेत म्हणे. बंगलोरला पोरं नाचतात त्याच्यावर.

सिंधु म्हणजे शिवम्माच. माहेरचं नाव.

कॅसेटचं मला ठाऊक होतं. बघायला गेलो तेव्हा सासरे म्हणाले होते, पोरीनं एक कॅसेट केली आहे. मला वाटलं भजनाची असेल. पुढं विषय निघाला नाही. घरात ती कॅसेट कधी दिसली नाही, आणि मीही कधी मागितली नाही.

१० जानेवारी

ऐकलं. तीन वेळा ऐकलं.

आधी ती बाजेवाल्यांना आकडे देते — एक, दोन, तीन, चार. हुकूम दिल्यासारखे. मग ते तेव्हाचं पेटीसारखं वाजणारं इलेक्ट्रिकचं वाद्य, ढुमढुम ढोल, आणि तिचा आवाज. स्कूटरवर बसून नांदेडभर फिरायचं गाणं. पुलावर थांबायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.

हा आवाज मी ओळखला नाही! आपल्या बायकोचा आवाज. बोलताना ती हळू बोलायची. दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालीस.

मोबाईल बंद करून ठेवला.

११ जानेवारी

सुकन्यानं त्यांचं पानही पाठवलं आहे, इंग्रजीत. चष्मा लावून वाचलं. मराठवाड्याची विसरलेली गायिका वगैरे. आणि खाली — सिंधु, निधन १९८७.

१९८७! त्या वर्षी तर ती लोह्यात माझ्या घरी भाकरी करत होती. मे महिन्यात लग्न झालं आमचं. निधन काय निधन! मेलेलं माणूस सदतीस वर्षं माझे डबे भरत होतं काय?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्यांनी तिळगूळ दिला. आमच्याकडं या वर्षी सण नाही.

कंपनीला फोन लावला. पुनम नावाची मुलगी बोलली. बोलणं गोड. "काका, तुमचा फोन आला, किती भारी वाटतंय!" मी म्हटलं, भारी वाटायचं राहू द्या, आधी ते साल बदला. माझी बायको चार ऑक्टोबर २०२४ ला वारली, लातुरात, माझ्यासमोर.

तर म्हणे, पुरावा पाठवा. याआधी दोन बायकांनी आम्हीच सिंधु म्हणून दावा केला होता. तबकडीचं कव्हर अठ्ठावीस फेब्रुवारीला छपाईला जाणार. त्याच्या आत कागद आले तर बदलू, एकदा छापलं की मग काही करता येणार नाही.

विचारलं, सत्याऐंशी कुणी सांगितलं तुम्हाला? "घरच्यांनीच सांगितल्याची नोंद आहे, काका. ते काम आनंदराज बघायचा, तो सोडून गेला. त्याच्या वह्या शोधाव्या लागतील."

घरच्यांनी! घरचा मी आहे.

१५ जानेवारी

बसलिंगप्पानंच सांगितलं असणार. तिचा भाऊ. दुसरं कोण?

२२ जानेवारी, बुधवार

आधार — शिवम्मा. रेशनकार्ड — शिवम्मा. मतदान, बँक, मृत्यूचा दाखला — शिवम्मा रामलिंग. सगळे कागद पलंगावर पसरले. सिंधु कुठंच नाही. लग्नाची नोंद तेव्हा कोण करत होतं? पत्रिकेवर सिंधु आहे, पण पत्रिकेला कोण विचारतो.

नाव आईनं ठरवलं होतं. आईच्या सासूचं नाव शिवम्मा, ते घरात परत यावं म्हणून. ताटात तांदूळ पसरले, हातात अंगठी दिली, आणि मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं. तलाठी होतो, सगळे म्हणाले, बघा किती वळणदार. तिला आवडलं का हे कुणी विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती. सगळ्यांच्याच बायकांची नावं बदलत होती.

त्यात माझं काय चुकलं?

३० जानेवारी, गुरुवार

मुखेडला जाऊन आलो. अहमदपूरला गाडी बदलली, तिथं दीड तास बसलो.

बसलिंगप्पा दुकानातच होता. खताच्या पोत्यांवर बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "या दाजी. आक्का गेल्यापासून पहिल्यांदाच आलात. वाट कशी काय चुकली?"

मी सरळ विषय काढला. म्हटलं, पुण्याच्या कंपनीला तू सांगितलंस काय, सिंधु सत्याऐंशीत वारली म्हणून?

"मी? मी कशाला सांगू? मला कोणाचाच फोन न्हाई."

मग कुणी सांगितलं? तुमच्याच घरात तिचं गाणं खपत नव्हतं, म्हटलं.

तो चिडला. नोकराला बाहेर पाठवलं. "दाजी, जरा नीट बोला. नांदेडला तिला मी नेत होतो, माझ्या राजदूतवर! मुखेड ते नांदेड, उन्हातान्हात. ती आत गात होती अन् मी बाहेर गाडी राखत होतो. अण्णा म्हणायचे, गाऊ द्या पोरीला, गळा हाय तिला. बैठकीत तुमच्या आईनंच विचारलं — गाण्याबिण्याचं सुटलं का आता? अण्णा म्हणाले, सुटलं. तुम्ही समोर बसून पोहे खात होते की!"

खात होतो. आठवतं. पोह्यांत शेंगदाणे जास्त होते तेही आठवतं. हे बोलणं आठवत नाही.

पुढं म्हणाला, "तुम्ही न्हाई म्हणाले न्हाईत, हे खरं हाय. पण हाव बी म्हणाले न्हाईत."

शाळेचा दाखला मागितला, तो मात्र त्यानं घरातून शोधून आणला. सिंधु, जन्म १९६५. देताना म्हणाला, "लई उशीर केलात दाजी." वहिनींनी जेवायला थांबवलं. थांबलो नाही. परतीच्या गाडीत उभ्यानं आलो.

तो खोटं बोलतोय असं अजूनही वाटतं. वाटावं असं वाटतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दाखल्यात सिंधु. आधारात शिवम्मा. मध्ये पूल नाही.

तहसीलला गेलो. सेतूतल्या पोरानं कागद उलटेपालटे केले. "आजोबा, ही बाई वेगळी, ती बाई वेगळी. दोघी एकच कशावरून?" मी म्हटलं, मी नवरा आहे. तो म्हणाला, "तुम्ही शिवम्माचे नवरे. सिंधुचे कोण?" मागच्या रांगेत लोक हसले. तो मुद्दाम बोलला नसेल. "नावबदलाचं राजपत्र आणा, मग बघू."

मेलेल्या बाईच्या नावबदलाचं राजपत्र कसं निघणार? ते त्यालाही ठाऊक नाही. उद्या या म्हणाला.

५ फेब्रुवारी

परत गेलो. साहेब मीटिंगला.

राजपत्र आणा — हेच वाक्य मी नोकरीत किती जणींना म्हटलं असेल. माळाकोळीची एक चांगुणा होती. वडिलांच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायचं होतं. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. पाच खेपा घातल्या तिनं. मी बरोबर होतो, नियम तोच आहे. शेवटी कंटाळून तिनं भावांना सगळं सोडून दिलं. जाताना म्हणाली, "साहेब, तुम्हीच सांगा मग मी कोण हाव ते." मी पुढचा कागद घेतला होता.

आज दिवसभर तिचाच चेहरा.

१२ फेब्रुवारी

पुनम फोन उचलत नाही. सकाळपासून चार वेळा लावला. जेवलो नाही नीट.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुकन्याशी भांडण झालं. ती म्हणाली, "अप्पा, सोडा ना आता. लोक आईला ऐकतायत, हे किती मोठं आहे! एका सालाचं काय एवढं?"

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर ओरडलो नव्हतो. म्हटलं, सत्याऐंशीत ती मेली असेल तर तू कुठून आलीस? तुझी शाळा कुणी केली? माझ्या आईचं हागणंमुतणं दोन वर्षं कुणी काढलं? लोह्याचं भाड्याचं घर, लातूरचं हे घर, भूकंपाच्या रात्री तुला पोटाशी धरून बाहेर कोण पळालं? सगळं खोडून टाकायचं? कव्हरवर तिची एकवीस वर्षं राहणार आणि आमची सदतीस नाहीत!

मग ती हळू म्हणाली, "अप्पा, तुम्ही आईची बाजू मांडताय का तुमची?"

फोन ठेवला. मी ठेवला की तिनं, कळलं नाही.

१८ फेब्रुवारी

रागाच्या भरात बोललो ते खरंच होतं. तरी सकाळपासून बरं वाटत नाही.

गाणी सगळी ऐकली आज. सहा आहेत. एकात मध्येच ती वादकाला म्हणते, "सोडू नको, सोडू नको!" — ते तसंच ठेवलंय त्या पोरांनी. तिला कुणाला असं काही सांगताना मी पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं एकदाचं!

जुन्या ओळखीचे एक नायब तहसीलदार भेटले. त्यांनीच सुचवलं, राजपत्र वगैरे काही नको. प्रतिज्ञापत्र करा, माहेरचा एक आणि सासरचा एक साक्षीदार आणा. सासरचा माझा चुलतभाऊ इथंच आहे, माहेरचा म्हणजे बसलिंगप्पा. फोन करायला जिवावर आलं होतं. पण तो एका शब्दानं काही बोलला नाही, सकाळच्या गाडीनं आला, सही केली. चहा घेताना एवढंच म्हणाला, "आक्काचं नाव लागतंय न्हवं? मग झालं." त्याला स्टँडवर सोडायला गेलो. त्याच्यावर उगाच आळ घेतला, हे सांगायचं होतं. गाडी सुटली.

सुकन्यानं कागद पुण्याला पाठवले. संध्याकाळी पुनमचा फोन: "काका, बदललं! सिंधु उर्फ शिवम्मा, १९६५ ते २०२४. बघून घ्या, अठ्ठावीसला छापखान्यात देते." मोबाईलवर कव्हर पाठवलं. चांगलं दिसतं. बरोबर आहे.

सुकन्याला फोन करून सांगितलं. ती रडली. मग दोघं बरंच बोललो.

पुनमला शेवटी म्हटलं, ते सत्याऐंशी कुणी सांगितलं तेवढं मात्र शोध. असा सोडणार नाही मी त्याला. ती म्हणाली, "आनंदराजची वही मिळाली की फोटो पाठवते."

२२ फेब्रुवारी, शनिवार

अकराला फोटो आला. वहीचं एक पान, घाईचं अक्षर.

"१४ जून २०२२. लातूरला फोन लागला. बाईंनी उचलला. म्हणाल्या, सिंधु वारली, १९८७ मध्ये. कशाने, विचारलं तर हसल्या. तुम्ही कोण, विचारलं. म्हणाल्या, मी शिवम्मा. गाणी काढू का, विचारलं. म्हणाल्या, काढा, तिला आवडेल."

खाली नंबर. तिचाच.

त्या दिवशी मी घरातच असणार. मी घरातच असतो.

पुनमला फोन लावला. म्हटलं, कव्हरवर आधी होतं तसंच राहू द्या. ती म्हणाली, "काका, एवढं सगळं करून?" म्हटलं, हो.

नळ आला होता. भांडी भरून घेतली.