अंगणातली घंटा

पनवेल, रविवार

ती. बाबांना हन्नाचा प्रेमाचा सलाम.

मी बरी आहे. खोकला होता, तो आता गेला. आईने बीपीची गोळी बदलून घेतली का?

आमच्या मंडळीचं नवं चर्च एकदाचं उभं राहिलं. इतकी वर्षं उपासना एका बिल्डिंगच्या गाळ्यात व्हायची, आणि ढोलकी वाजली की वरच्या मजल्यावरून निरोप यायचा. आता भिंतींना वाऱ्यासाठी जाळ्या आहेत आणि वेदीमागे साधी, मोठी खिडकी. तिच्यातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. प्रवचन लांबलं की मी तिकडेच बघत बसते.

मनोरा मात्र नकाशातच राहिला. विमानतळ जवळ, त्यामुळे उंच बांधायला परवानगी नाही. आधी सगळे हिरमुसले. शेवटी घंटा अंगणातच दोन खांबांवर टांगली.

आई सांगत होती, गुडघ्यांमुळे तिकडच्या मनोऱ्याचा जिना आणि घंटा वाजवणं सुटल्यापासून तुम्ही घंटा वाजून गेल्यावरच चर्चला निघता.

बाबा, नाताळला इकडे या. त्या सकाळची घंटा कोण वाजवणार, असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव सांगून टाकलंय. इथे एकही पायरी चढावी लागत नाही.

तुमची,
हन्ना