उजवीकडचं दार

बुधवार, १२ फेब्रुवारी. पुसद.

ऑफिसातून आले, चहा घेतला. मग भाऊजी आले आणि यांच्या जुन्या गाडीतून, गाडी चालवायला शिकवायला, मला मैदानावर घेऊन गेले. तिथे दोघं खाली उतरलो, आणि सवयीने मी पुन्हा डाव्या दाराशीच जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, “वहिनी, इकडून बसा. तुमी तिकडं बसल्या तर गाडी कोन चालवन?” दीर आहेत, चेष्टा करतात. मला हसू आलं नाही.

पहिला गिअर टाकला की गाडी धक्का खाऊन बंद. क्लचवर पाय पुरतच नव्हता. “एकदम सोडू नका ना क्लच! अन् सीट पुढं घ्या.” नाही घेतली. ती यांच्या मापाची आहे. पाठीशी उशी ठेवून भागवलं. का भागवलं?

यांना कितीदा म्हटलं होतं, मला शिकवा. दर वेळी एकच उत्तर, “तुले कायले पाह्यजे? मी आहो ना.” त्या दुपारी यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडी अंगणात होती, किल्ली माझ्या हातात होती आणि मी फाटकाशी रिक्षाची वाट पाहत होते. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

मी आहो ना.

सगळे म्हणतात, किती जपायचे तुला. हो, जपायचे.

घरी आल्यावर भाऊजी गेले आणि मी पुन्हा अंगणात, गाडीपाशी गेले. उजवीकडचं दार उघडलं. सीटखालचा दांडा गंजून अडकला होता. दोन्ही हातांनी ओढला आणि सीट पुढे घेतली.